पाळण्याची दोरी आणि कायद्याची मोजणी



पत्रिकेवर माझा विषय ‘बालसंगोपन, स्त्री-पुरुष समता आणि कुटुंबविषयक धोरण’ असा छापला आहे. एवढं लांब नाव वाचून मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी घड्याळाकडे पाहिलं, ते मला इथून दिसलं. मी विषय सोपा करून घेतो. सहा वर्षांच्या आतलं मूल दिवसभर सांभाळायचं कोणी? हा आजचा प्रश्न. आपल्या समाजाने, सरकारने आणि कायद्याने गेल्या शंभर वर्षांत त्याला काय उत्तर दिलं, ते बघायचं.

पाळण्याच्या दोरीबद्दलचं एक वचन आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शाळेच्या भिंतीवर ते लिहिलेलं असतं, महिला दिनाच्या भाषणात हमखास येतं. त्यात मातेचा गौरव आहे, हे खरंच. पण त्यातलं सर्वनाम बघा. दोरी ‘तिच्या’ हाती आहे. त्याच्या हाती काय आहे, याबद्दल ते वचन काही बोलत नाही. माझं म्हणणं असं की आपल्या कायद्यांनीही हे सर्वनाम जसंच्या तसं उचललं, आणि त्याची किंमत बायकांनीच मोजली. हे मी आता इतिहासातून दाखवायचा प्रयत्न करतो.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. सोलापुरात पहिली गिरणी सुरू झाली १८७७ साली. तिला आपण आजही जुनी मिल म्हणतो. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. भोंग्यावर गावाचं घड्याळ चालू लागलं. गिरणीत पुरुष होते तशा बायकाही होत्या, प्रामुख्याने सूत गुंडाळायच्या, रिळाच्या खात्यांत. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं हातमागावर बसली. तिथे घरातली बाई कांड्या भरायची आणि मूल मागाच्या खड्ड्याशेजारी खेळायचं. घरच्या मागावर निदान मूल डोळ्यांसमोर होतं. गिरणीने घर आणि काम यांच्यामध्ये एक भिंत आणि एक फाटक उभं केलं. आई फाटकाच्या आत आणि मूल बाहेर. ‘मूल कोणी सांभाळायचं’ हा प्रश्न धोरणाचा प्रश्न झाला तो त्या फाटकापाशी. त्याआधी तो घरातला प्रश्न होता. सुटत होता असं नाही, पण घरातला होता.

त्या काळात लोकांनी काय उपाय काढला? व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ साली अहवाल दिला. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका तान्ह्या मुलांना अफू देऊन झोपवून कामावर जातात, हे त्यात नोंदलेलं आहे. मुंबईत बाळागोळी म्हणून ती विकत मिळायची. आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण जरा त्या बाईच्या जागी उभं राहून बघा. नऊ-दहा तासांची पाळी, घरी सासू नाही, शेजारीणही गिरणीतच. ती दुष्ट नव्हती, तिच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. मित्रहो, अफूची ती गोळी हेच आपल्या औद्योगिक महाराष्ट्राचं पहिलं पाळणाघर.

आता कायद्याकडे वळू. मुंबई प्रांताने १९२९ साली बाळंतपणाच्या लाभाचा कायदा केला. या प्रकारचा हा देशातला पहिला कायदा. त्याचं विधेयक १९२८ साली कौन्सिलपुढे आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. त्यांचा युक्तिवाद माझ्या शब्दांत सांगतो. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा. मालकालाही त्यातून पूर्ण सुटका नाही, कारण बाईच्या कामाचा फायदा त्याला मिळतो. या युक्तिवादात मूल हे एकट्या आईचं खासगी प्रकरण उरत नाही, ते सगळ्यांचं होतं. ९५ वर्षांहून अधिक काळ झाला, पण धोरणाच्या चर्चेत आपण अजून या वाक्याच्या पुढे फारसे गेलेलो नाही. उलट थोडे मागेच आलो, आणि ते कसं तेच आता सांगायचं आहे.

१९३४ च्या फॅक्टरी कायद्याने प्रांतिक सरकारांना एक अधिकार दिला. ज्या कारखान्यात ५० पेक्षा जास्त बायका कामाला असतील, तिथे त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली राखून ठेवण्याचा नियम सरकार करू शकतं. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. त्याच्या कलम ४८ ने पाळणाघर सक्तीचं केलं. तिथेही मोजणी तीच, ५० पेक्षा जास्त ‘स्त्री कामगार’. १९७६ साली दुरुस्ती होऊन हा आकडा ३० वर आला.

वरवर बघता ही प्रगती आहे, आणि मी ती नाकारत नाही. पण मी तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस, व्याख्या तपासायची खोड जात नाही. कायद्याने पाळणाघराची गरज कशावरून ठरवली? मुलांच्या संख्येवरून नाही. एकूण कामगारांच्या संख्येवरूनही नाही. बायकांच्या संख्येवरून. समजा एका कारखान्यात हजार पुरुष आहेत आणि बायका एकही नाही. त्या हजारांना मुलं नाहीत काय? आहेत. पण कायद्याच्या दृष्टीने त्या कारखान्यात मूल नावाची वस्तूच नाही. पुरुष कामाला येताना मूल मागे ठेवून येतो, आणि ते कोणाकडे ठेवून येतो हे त्याला कोणी विचारत नाही.

याचा दुसरा परिणाम पैशाचा आहे. पाळणाघराचा खर्च बायकांच्या संख्येला बांधला की हिशेबी मालक काय करेल? तो तिसावी बाई घेईल, पण एकतिसावी घेताना विचार करेल. बाळंतपणाची रजाही त्याच्याच खिशातून जाणार असेल, तर तो आणखी विचार करेल. बाईच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याने बाईला महाग केलं. आंबेडकर भार सरकारवर टाका म्हणत होते, तो का, ते इथे कळतं. भार सगळ्यांवर वाटला तर कोणा एकाला बाई नको वाटण्याचं कारण उरत नाही.

ही झाली कायद्याची बाजू. बालशिक्षणाची म्हणून दुसरी एक बाजू आहे, तिचाही इतिहास थोडक्यात सांगतो.

फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने किंडरगार्टन ही कल्पना मांडली, १८४० साली तिला ते नाव दिलं. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली, ती जवळजवळ दहा वर्षं टिकली. लहान मुलांनी गाणी म्हणत ठोकळे रचले तर राज्याला धोका वाटतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना ही पद्धत शिकल्या आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा ती सोबत घेऊन आल्या. सोलापुरातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनच्या मेरी हार्डिंग यांनी किंडरगार्टन चालवलं, आणि शिक्षिका तयार करण्याचं कामही केलं. म्हणजे बालशिक्षण ही सोलापूरला काल-परवा कळलेली गोष्ट नाही.

मग इटलीत मारिया माँटेसरी. १९०७ च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. त्याचं निमित्त मोठं गमतीचं आहे. आई-बाप दोघेही कामाला जात आणि दिवसभर मोकळी असलेली पोरं नव्याने दुरुस्त केलेल्या चाळींच्या भिंती खराब करत. मालकांना भिंतींची काळजी पडली होती! जगातल्या एका मोठ्या शिक्षणविचाराचा जन्म मालकाच्या रंगसफेदीपायी झाला म्हणा ना.

हा विचार आपल्याकडे रुजवला तो भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी. वकिली करणारा हा माणूस, ती सोडून लहान मुलांत रमला. १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढलं. लोक त्यांना प्रेमाने काय म्हणत? गुजरातीत ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई. पदवी गोड आहे, पण तिच्यात एक गोम आहे. मुलांची काळजी घेणाऱ्या पुरुषाला म्हणायला भाषेकडे शब्दच नाही! त्याला आईच म्हणावं लागतं, आणि वर मिशी चिकटवावी लागते. बाप म्हणून हे काम करता येतं, ही कल्पना शब्दकोशात नाही.

गिजुभाईंच्या सोबत होत्या आपल्या ताराबाई मोडक. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईत आल्या, दादरला शिशुविहार उभं राहिलं. पण मध्यमवर्गाच्या मुलांत त्यांचं समाधान होईना. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी याच कामाला दिलं, १९९२ साली कोसबाडलाच त्या गेल्या.

बोर्डीला अडचण अशी आली की दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. म्हणून बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना आणि हा शब्द इथला. आज देशभर सरकारी कागदांवर चालणारा हा शब्द एका मराठी बाईच्या अडचणीतून जन्मला आहे. पुढे १९५७ च्या सुमारास काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी पाड्यांत. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणावर गेली, तिचं नाव कुरणशाळा.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यांची विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एका छताखाली. याची गरज का पडली? आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. तिला शाळेत आणायचं तर आधी भावाला ठेवायला पाळणा हवा. ताराबाई-अनुताईंनी पाळणाघर बांधलं ते आईसाठी जितकं, तितकंच मोठ्या बहिणीसाठी. आपले कायदे फक्त आईला मोजत होते. ज्या बहिणीच्या कडेवर मूल आहे, ती कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हती. तत्त्वज्ञानाची भली मोठी पुस्तकं वाचून जे दिसत नाही, ते या दोघींना टेकडीवर दिसलं. मुलाचा प्रश्न सोडवला नाही तर तो कुटुंबातल्या सर्वांत दुबळ्या बाईवर जाऊन पडतो. आई कामाला गेली तर आजीवर, आजी नसेल तर दहा वर्षांच्या मुलीवर. बाप, काका, मोठा भाऊ यांना ओलांडून तो खाली जातो.

आता या दोन बाजू एकत्र येण्याची एक संधी आली होती. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, पहिल्यांदा देशात ३३ प्रकल्प. अंगणवाडी हा शब्द तिने घेतला. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शाळापूर्व शिक्षण, सगळं एका ठिकाणी. मोठी योजना आहे. तिने लाखो मुलं वाचवली असं मी म्हणेन. पण दोन गोष्टी राहिल्या.

एक म्हणजे वेळ. अंगणवाडी चालते सकाळचे काही तास. कामावर जाणाऱ्या बाईला पाळणाघर लागतं दिवसभर. त्यामुळे अंगणवाडीने मुलाला खाऊ घातलं, पण आईला मोकळं केलं नाही. बांधकामावरच्या मुलांचं बघा. दिल्लीत १९६९ साली गांधी जन्मशताब्दीची बांधकामं चालू होती, तिथे धुळीत पडलेली मजुरांची मुलं पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाईल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा ‘श्रमशक्ती’ अहवाल १९८८ साली आला. असंघटित बायकांसाठी मूल सांभाळण्याची सोय ही मूळ गरज आहे, हे त्याने मांडलं. म्हणजे आपल्याला माहीत नव्हतं असं नाही.

दुसरी गोष्ट, जी हे काम करते तिला आपण काय म्हणालो? सेविका आणि मदतनीस. तिला जे देतो त्याला काय म्हणालो? मानधन. पगार नाही. शब्द निवडतानाच आपण ठरवून टाकलं की हे काम नसून सेवा आहे. आई घरी फुकट करते तेच ही अंगणात करते, मग पगार कशाला? अंगणवाडीच्या बायका पुन्हा पुन्हा रस्त्यावर येतात. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेला त्यांचा संप दीड महिन्यापेक्षा जास्त चालला. या मोर्च्यामुळे रहदारी अडते, एवढंच आपल्या लक्षात राहतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. योजना सुरू झाल्यापासून ४७ वर्षांनी!

मला इथे प्लेटो आठवतो. ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात तो आदर्श राज्यातल्या रक्षकवर्गाच्या मुलांचं संगोपन राज्याकडे देतो. त्या कामावरचे अधिकारी स्त्रिया असोत, पुरुष असोत किंवा दोघंही असोत, असं तो स्पष्ट म्हणतो. दोन हजार तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचा माणूस! आपण टाळी वाजवतो. पण थोडं पुढे वाचलं की कळतं, रात्री जागण्याचं आणि बाकीच्या दगदगीचं काम त्याने दायांकडे सोपवलं आहे. देखरेख दोघांची, जागरण बाईचं. आपल्या बालविकास खात्याची रचनाही अशीच आहे. वर अधिकारी स्त्री-पुरुष दोन्ही, अंगणात मात्र बाईच.

आता राज्यघटनेकडे या. मूळ कलम ४५ सांगत होतं की, घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत राज्य १४ वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करील. १४ वर्षांपर्यंत, सुरुवात किती वर्षांपासून ते लिहिलेलं नाही. म्हणजे पहिली सहा वर्षंही त्यात आली. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, त्याचा आपण उत्सव केला. पण शून्य ते सहा या वयाचं काय झालं? ते कलम ४५ मध्येच, मार्गदर्शक तत्त्वांतच राहिलं. ‘राज्य प्रयत्न करील’ या वर्गात. सहा वर्षांचं मूल कोर्टात हक्क मागू शकतं, पाच वर्षांच्या मुलाने मात्र वाट पाहायची. मेंदूची वाढ सर्वांत झपाट्याने होते ती पहिल्या सहा वर्षांत, हे आज सगळेच सांगतात. २०२० चं नवीन शैक्षणिक धोरणही तीन वर्षांपासून पायाभूत टप्पा धरतं. धोरण झालं, हक्क झाला नाही.

पुन्हा सोलापूरला येतो. गिरण्या मंदावल्या, मग बंद पडल्या. नवरा घरी बसला. तेव्हा या गावातली हजारो घरं कशावर चालली? विडीवर. ब्रँचमधून पान-तंबाखू आणायचं, घरी सुपात घेऊन वळायचं, हजारावर मजुरी घ्यायची, वर छाट सोसायची. ही बाई घरातच काम करते. विडी कामगारांचा १९६६ चा कायदा बघा. घरी विड्या वळणाऱ्या बाईला तो कामगार मानत होता, बाळंतपणाचा लाभही तिच्यापर्यंत पोचवण्याची तरतूद त्यात होती. हे मोठं काम झालं. पण पाळणाघराचं कलम औद्योगिक जागेला, कारखान्याच्या वास्तूला जोडलेलं होतं. घरात कसली आली वास्तू? तेव्हा मूल तिथेच, सुपाशेजारी, तंबाखूच्या धुळीत. लोक म्हणतात, घरबसल्या काम आहे, मुलाकडेही लक्ष राहतं. जरा बसून बघा, सुपावर हात चालू ठेवून रांगतं मूल सांभाळून बघा. एकाच वेळी दोन कामं होतात आणि मजुरी एकाचीच मिळते.

या बायकांनी लढून घरं मिळवली. २००६ साली कुंभारीला १० हजार घरांची वसाहत झाली आणि तिला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं. मला त्यात एक योग दिसतो. गोदूताईंनी ज्या तलासरी-डहाणूच्या भागात आदिवासींची चळवळ केली, त्याच भागात ताराबाई आणि अनुताईंचं कोसबाड. एकीने मजुरीचा प्रश्न घेतला, दोघींनी मुलांचा. हे दोन प्रश्न एकाच झोपडीत राहतात, पण आपल्या धोरणात त्यांची खाती वेगळी आहेत. कामगार खातं एकीकडे, महिला-बालविकास दुसरीकडे.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने उदंड. ऊसतोडीला मजूर येतात ते जोडीने. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. गिरणीच्या कायद्यात निदान बाई वेगळी मोजली जायची, इथे ती कोयत्याच्या अर्ध्यात मुरून जाते. मूल तर कुठेच नाही, ते फडाच्या कडेला झोळीत.

आता अलीकडची गोष्ट. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पाळणाघराची अट बदलली, ५० किंवा त्याहून जास्त ‘कर्मचारी’ असतील तिथे पाळणाघर. स्त्री कर्मचारी नव्हे, नुसते कर्मचारी! १९३४ पासूनची बायकांची मोजणी इथे सुटली. मी वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मनापासून आनंद झाला. मग मूळ कलम काढून वाचलं. पुढच्याच ओळीत लिहिलंय की पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाऊन येण्याची मुभा मालकाने द्यावी. कोणाला? ‘त्या स्त्रीला’. मोजायला पुरुष आला, भेटायला मात्र आईनेच जायचं. बाप त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर बसलेला असला तरी! शिवाय २६ आठवड्यांचा खर्च सर्वसाधारणपणे मालकावरच राहिला. आंबेडकरांचा मुद्दा पुन्हा बाजूला पडला.

बापाला रजा नाही असं नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत तसा कायदा नाही. स्वीडनने १९७४ सालीच मातृत्व रजा काढून तिच्या जागी पालक रजा आणली, आई-बाप दोघांपैकी कोणीही घ्यावी अशी. वीस वर्षांत त्यांना काय दिसलं? बाप घेतच नाहीत! म्हणून १९९५ पासून एक महिना बापासाठी राखला. त्याने घेतला नाही तर तो बुडाला. तेव्हा बाप घरी आले. म्हणजे तिकडचे पुरुष जन्मतः वेगळे नाहीत. नुसती संधी देऊन पुरुष हलत नाही, हा अनुभव सार्वत्रिक दिसतो.

आपल्याकडचे आकडे सांगतो. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्या माणसांची विनामोबदला काळजी घेण्याचं काम दिवसभरात करणारे किती? बायकांत सुमारे २७.६ टक्के, पुरुषांत १४ टक्के. जे करतात त्यांचा वेळ, बायका १३४ मिनिटं, पुरुष ७६ मिनिटं. घरकामाचं अंतर तर याहून मोठं, करणाऱ्या बायका २९९ मिनिटं आणि करणारे पुरुष ९७.

यावर नेहमी दोन आक्षेप येतात. पहिला, आमच्याकडे एकत्र कुटुंब आहे, आजी आहे, पाळणाघर हे पाश्चात्त्य खूळ. माझं उत्तर असं की आजीला कोणी विचारलं का? तिने आपली मुलं वाढवली, आता साठीत पुन्हा तेच. प्रेमाने करते हे मान्य. पण ज्याला नाही म्हणायची सोयच नाही, त्याच्या होकाराला तत्त्वज्ञानात फारसं वजन देत नाहीत. दुसरा आक्षेप बायकाच घेतात, की पुरुषांना जमत नाही, बाळाला धड धरताही येत नाही. गिजुभाईंना जमलं. ज्याला शिकायला मिळत नाही त्याला जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बाळाला धरणं बाईलाही पहिल्या दिवशी येत नसतं, तिला ते त्या रात्रीच शिकावं लागतं.

इथे मी स्वतःचं एक सांगितलं पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान अप्रामाणिक होईल. ज्या वर्षी मी पहिल्यांदा वर्गात प्लेटोचा तो पाचवा भाग शिकवला, त्याच वर्षी माझ्या पत्नीने शाळेतली नोकरी सोडली. मुलगी आठ महिन्यांची होती, आई आजारी पडली, सांभाळायला कोणी उरलं नाही. आम्ही चर्चाही केली नाही. दोघांपैकी कोणी थांबायचं, असा प्रश्नच घरात उच्चारला गेला नाही. तो मला सुचला नाही, आणि सुचला असता तर तिला तो चेष्टेचा वाटला असता. मी वर्गात स्त्री-पुरुष समान अधिकाराचं विवेचन करून घरी यायचो आणि चहा मागायचो. मुलीला मी एकदाही अंघोळ घातली नाही. आता नातू आहे, त्याला घालतो. साबण डोळ्यात जातो, तो ओरडतो, मुलगी हसते. पत्नी हसत नाही, ती बघत राहते. ती काय विचार करत असेल, ते विचारण्याचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदावर, त्याच्या नावानंतर आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लिहिलं जातं. चांगली गोष्ट आहे. १९९४ साली देशातलं पहिलं महिला धोरण आणणाऱ्या राज्याला शोभणारी आहे. बापाच्या नावाशेजारी आईचं नाव आलं. आता आईच्या कामाशेजारी बापाचं काम यायला हवं. नाव लिहायला एक शासन निर्णय पुरला, कामाला तेवढ्याने भागणार नाही.

काय करता येईल? मी धोरणकर्ता नाही, म्हणून तीनच गोष्टी. बाळंतपणाच्या आणि पालक रजेचा खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून व्हावा, एका मालकाच्या खिशातून नको. अंगणवाडी कामाच्या वेळेइतकी चालावी, आणि ती चालवणाऱ्या बाईला, उद्या पुरुष आला तर त्यालाही, मानधन नव्हे तर पगार मिळावा. आणि बापाची रजा अशी असावी की ती दुसऱ्याला देता येणार नाही.

समोर काही तरुण बसले आहेत. त्यांच्यापैकी कोणी म्हणेल, सर, कायदा होईल तेव्हा होईल, आम्ही काय करू? तर आज रात्री घरी मूल रडलं, तर बायकोच्या आधी उठा. एवढ्याने व्यवस्था बदलत नाही, मला कळतं. पण मला तेवढंही जमलं नव्हतं.